मयताची तारीख

मराठीत भित्र्या माणसाला भागूबाई म्हणतात. ज्या कुणी हा शब्द रूढ केला तो नायगावच्या खाडीकडे कधी फिरकला नसावा. तिथली भागूबाई मी पाहिली आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी चौघांवर हात उचलला, आणि त्यातला चौथा मी होतो.

माझी ओळख एवढीच की मी सदानंद, वसई रोडला स्टेशनजवळच्या एका इमारतीत बसून लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो. राहायला विरारला, मनवेलपाड्यात. दारावर कुणी जोरात थाप मारली की मी आधी बायकोकडे बघतो, मग ती उठते. शब्दकोशातली भागूबाई कुणाला बघायची असेल तर त्याने माझ्या ऑफिसात यावं.

खऱ्या भागूबाई माझ्याकडे आल्या त्या दोन हजार सालच्या जुलैत. चाळिशीच्या, काळ्यासावळ्या, हाडापेराने रुंद, गुडघ्यावर कसून नेसलेलं लुगडं. कपाळावर ताजे टाके होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शेजारनीचा गोटा लागला. तिला काय लागलं ते तिला जाऊन इचार."

मासळीच्या पिशवीतून त्यांनी एक नोटीस काढली. नोटीस रामूच्या नावाने होती. रामू त्यांचा नवरा, दोन वर्षांमागे मेलेला. खाडीलगतची जमीन विकलीत, त्यावरचा कर का भरला नाही, असं इन्कम टॅक्स खातं त्या मेलेल्या माणसाला खडसावून विचारत होतं.

"वकीलसायेब," त्या म्हणाल्या. मी वकील नाही हे मी त्यांना पुढे शंभरदा सांगितलं, काही उपयोग झाला नाही. "मेल्याला कागूद येतो, तर जबाब बी मेल्यानंच द्यायचा का?"

"नाही मावशी, वारसांनी द्यायचा."

"मंग मी देते. आमी जमीन इकलीच नाय."

त्यांची गोष्ट मला त्या पावसाळ्यात तुकड्यातुकड्याने कळली. माहेर जूचंद्रचं. पहिलं लग्न सोळाव्या वर्षी झालं, नवरा दारू पिऊन मारायचा. वर्षभर त्यांनी सोसलं. एके दिवशी त्याने चुलीतलं जळतं लाकूड पाठीला लावलं, तेव्हा त्यांनी मुसळ उचललं आणि त्याचा उजवा हात कोपरात असा मोडला की पुढे त्याला त्या हाताने ग्लाससुद्धा धरता आला नाही. पंच बसले, काडीमोड झाली. असल्या बाईला आता कोण करणार, असं सगळा पाडा म्हणत असताना रामूने विचारणा केली. रामूची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती आणि पदरात चार वर्षांचा अल्पेश होता. "मना मार खानारी बायको नको," असं तो पंचांसमोर म्हणाला. पाट लागला, भागूबाई नायगावच्या पाड्यात आल्या.

रामूही काही गरीब गाय नव्हता. त्यांची जमीन म्हणजे खाजण, खाडीला मातीचा बांध घालून राखलेलं. बांधाबाहेर खारं पाणी, आत भात. बांध फुटला तर तिथले लोक म्हणतात खांड गेली. एकदा खांड गेली आणि खारं पाणी आत शिरलं की पुढचे काही पावसाळे शेत नासलंच. म्हणून तिथला कायदा असा की "खांड गेली" अशी हाळी ऐकली की घराघरातून एकाने तरी फावडं घेऊन धावायचं, मग ज्याची खांड गेली तो वैरी का असेना. एरवी मात्र बांधावरून डोकी फुटायची. कुणी एकदा मासळीच्या लोभाने रामूच्या बांधाचं दार उघडून पाणी आत घेतलं, तर भागूबाईंनी त्याचे पुढचे दात पाडले होते. तो मनुष्य अजून हसताना तोंडावर हात धरतो.

अल्पेशलाही त्यांनी मारत मारतच वाढवला. शाळा बुडवली की काठीने, खोटं बोलला की हाताने. मात्र दुसऱ्या कुणी त्याच्यावर हात टाकला तर त्या माणसाची खैर नसे. एका मास्तरांनी त्याला उन्हात उभा केला म्हणून या शाळेत गेल्या आणि मास्तरांना बकोटीला धरून त्याच उन्हात उभं केलं. स्वतःचं मूल त्यांना झालं नाही. "झाला असता तर या दोगांत मारामाऱ्या लागल्या असत्या," एवढंच त्या त्यावर बोलत.

मग नव्वदीत इमारतवाले आले. खाजणांवर मातीचे डंपर रिकामे व्हायला लागले. जो विकायला तयार नाही त्याच्या बांधाला कुणीतरी खांड पाडायचं, आणि शेत खारावलं की दुसऱ्या दिवशी सुधाकर दारात यायचा. हा सुधाकर कुठल्या बिल्डरचा माणूस ते कुणी मोठ्याने बोलत नसे. पांढरा शर्ट, मऊ आवाज, स्वतःचा हात कधी मळवायचा नाही. रामूच्या बांधाला पुन्हा पुन्हा खांड पाडून झाली, नवराबायकोने पुन्हा पुन्हा बुजवली. शेवटी सुधाकरच्या माणसांनी रामूला उचलून डंपरच्या शेडमध्ये नेला आणि जबडा मोडेपर्यंत मारून एका कुलमुखत्यारपत्रावर त्याची सही घेतली. म्हणजे रामूच्या वतीने त्याची जमीन विकायचा अधिकार सुधाकरला मिळाला. रामू घरी आला तो रक्त ओकत. पेज प्यायला लागला आणि जरा बोलता आल्यावर म्हणाला, "भिवंडीला बयनीकडं जातो. तिकडचा वकील करतो, कागूद रद्द करतो."

तो बहिणीकडे पोचलाच नाही. एका रविवारी सकाळी खाडीतल्या तिवरांमध्ये अडकलेला सापडला. अल्पेश तेव्हा तेवीस-चोवीसचा, सुधाकरकडेच डंपर चालवायचा. त्यावरून मायलेकांचं बोलणं आधीच तुटलं होतं. त्याने पोलिसांत जबाब दिला की शनिवारी रात्री बाप माझ्याकडे जेवला, पुष्कळ प्याला आणि चालत निघाला. मग काय, पाय घसरून बुडाला. दाखल्यावर मृत्यूची तारीख रविवारची पडली आणि प्रकरण मिटलं. अल्पेश महिन्याभरात नायगावच्या नव्या इमारतीत राहायला गेला.

हे सगळं ऐकून मी कोरा कागद पुढे ओढला. मेलेल्या माणसाचा जबाब द्यायचा तर मला काय काय लागतं ते मी त्यांना सांगितलं: जमिनीचा उतारा, विक्रीच्या दस्ताची नक्कल, मागे राहिलेल्या वारसांची नावं आणि सह्या. "आणि सगळ्यात आधी मृत्यूची तारीख."

"ती खोटी हाय," भागूबाई म्हणाल्या. "रविवारी त्यो गावला. मेला नाय रविवारी."

"अल्पेशचा जबाब आहे ना."

"सुधाकरनं घाबरवलान् म्हनून त्यो तसा बोलला. एका रातीत मानूस एवडा फुगत नाय. मी खाडीतली मढी बघितलीत. तू बघितलीस?"

मी बघितली नव्हती आणि बघायची इच्छाही नव्हती. पण काही दिवसांनी दस्ताची नक्कल हातात आली आणि मी तिच्यावरची तारीख दोनदा वाचली. सुधाकरने रामूच्या वतीने जमीन विकली होती ती शुक्रवारी, म्हणजे प्रेत सापडायच्या दोन दिवस आधी. मी भागूबाईंना बसवून समजावलं. माणूस मेला की त्याने दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्याच क्षणी मरतं. रामू रविवारी मेला असेल तर शुक्रवारची विक्री पक्की, जमीन गेली, वर कर तुमच्या बोडक्यावर. पण रामू शुक्रवारच्या आधी मेला असेल तर विक्रीच खोटी. जमीन तुमची, कर शून्य.

भागूबाईंनी दस्तावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मंजे त्यांना त्यो मेलेला बी पायजे होता, आन् जिता बी पायजे होता."

इतक्या थोडक्यात ते मलाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून ती बाई तारखेच्या मागे लागली. पंचायतीत गेल्या, पोलिसांत गेल्या, भिवंडीच्या नणंदेकडे जाऊन आल्या. शवविच्छेदनाच्या कागदाची नक्कल मिळवली. त्यात मृत्यू दोन ते तीन दिवसांपूर्वीचा, पण अंदाजे. मुलाच्या स्पष्ट जबाबासमोर हा अंदाजे कसला टिकतो? बुधवारी रामू घरून निघाला, रविवारी सापडला, मधल्या दिवसांत त्याला पाहिलेला एकुलता एक माणूस अल्पेश. आणि अल्पेशकडे जायला त्या तयार नव्हत्या.

एवढी विचारपूस सुधाकरच्या कानावर न जाती तरच नवल. एका दुपारी त्याचा एक माणूस माझ्या ऑफिसात आला. गळ्यात जाड साखळी, तोंडात गुटखा. "रामूची फाइल," तो म्हणाला. मी खोटं बोललो की फाइल घरी आहे. त्याने माझा डावा हात धरला, टेबलाच्या खणात घातला आणि खण लाथेने बंद केला. करंगळी मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी गुरासारखा ओरडलो.

नेमक्या तेव्हा भागूबाई जिना चढत होत्या. त्यांनी काय चाललंय असंसुद्धा विचारलं नाही. कपाटावरचं कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र उचललं आणि त्याच्या कानशिलावर घातलं. तो वळला, तर तोंडावर दुसऱ्यांदा. गुटखा, रक्त आणि दात असं सगळं माझ्या फायलींवर उडालं. तो भिंत धरत धरत जिन्यावरून गडगडत गेला. भागूबाईंनी यंत्र पदराला पुसून जागेवर ठेवलं. "वकीलसायेब, बोंबलू नको. बोट हाय, मान नाय."

त्याचं उट्टं चार दिवसांत निघालं. भरदिवसा, पाड्यासमोर, त्यांच्याच बांधावर चौघांनी त्यांना लोळवलं. एकाने छातीवर पाय दिला, दुसऱ्याने लोखंडी पाइपाने डावा हात मोडला. त्यांनी एकाच्या पोटरीचा असा लचका तोडला की तो लंगडतच पळाला, पण चौघांपुढे एकटी बाई काय करणार? आणि पाडा? पाडा दारात उभा राहून बघत होता. कुणी पुढे झालं नाही. मला त्या लोकांचा आजही संताप येतो. मी तिथे असतो तर काय केलं असतं हा प्रश्न कृपा करून विचारू नये.

त्या पुन्हा ऑफिसात आल्या तेव्हा मी सरळ सांगितलं, "मावशी, फाइल घेऊन जा. मला दोन पोरी आहेत."

प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. माझ्या बांधलेल्या करंगळीकडे बघून म्हणाल्या, "तुजं बोट मोडलं, माजा हात मोडला. आता आपन नातेवाईक झालो. फाइल कुटं नेऊ?"

फाइल राहिली. आता वारसाची सही हवीच होती, म्हणजे अल्पेशकडे जाणं आलं. त्या एकट्या जायला तयार होईनात. त्यांना त्याची भीती नव्हती. "मी एकटी गेले तर त्याला मारीन, सही ऱ्हायल," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी बरोबर गेलो. सप्टेंबर उजाडला होता, पितृपक्ष चालू होता.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार अल्पेशच्या बायकोने, रीमाने उघडलं. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेली, हसरी पोर. सासूला बघून ती गडबडली, पण आत घेतलं, पाणी दिलं. "हे खाली गेलेत, येतीलच. आज जेवूनच जा. पितरं घातलीत."

बाल्कनीच्या जाळीबाहेर केळीचं पान मांडलं होतं. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, आणि एका वाटीत ताडी. कावळा अजून शिवला नव्हता. भागूबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"आज कोनाचं पान?"

"सासऱ्यांचं," रीमा म्हणाली. "बाबांचं."

"आज काय हाय?"

"दशमी. गेल्या वर्षीही दशमीलाच घातलं आम्ही. मी म्हटलं पण यांना, तुमच्या आईकडे तर तेरसीला असतं ना? तर म्हणाले, तू गप बस, दशमीच."

रामू सापडला त्या रविवारची तिथी तेरस होती. सगळा पाडा, भिवंडीची बहीण, स्वतः भागूबाई, सगळे रामूचं पान तेरसीला मांडत. ज्या तिथीला माणूस गेला त्याच तिथीला त्याचं पान मांडायचं, नाहीतर तो उपाशी परत जातो, हे तिकडे दुधखुळ्या पोरालाही माहीत. मी बोटांवर मागे मोजलं. रविवार तेरस, तर दशमी गुरुवारची. विक्रीच्या आदल्या दिवसाची. पोलिसांना, पंचायतीला, सगळ्या जगाला अल्पेशने रविवार सांगितला होता. बापाच्या पानाशी मात्र त्याला खोटं बोलवलं नव्हतं.

हे मला कळायच्या आधी भागूबाईंना कळलं होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. इतके दिवस त्या म्हणत होत्या की पोराला कुणी घाबरवून बोलायला लावलं. पोराला तिथी माहीत असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

अल्पेश आला. हातात दह्याचा डबा होता. आईला बघून तो दारातच थबकला.

"दसमीला तू कुटं व्हतास?" भागूबाईंनी विचारलं.

तो पानाकडे बघायला लागला. ते बघणंच पुरेसं होतं. त्या उठल्या आणि प्लॅस्टरचा हात त्यांनी त्याच्या तोंडावर आदळला. डबा उडाला, दही भिंतीवर गेलं. दुसरा फटका कानावर, तिसरा मानेवर. प्लॅस्टरला तडा गेला, तरी त्या मारत होत्या. रीमा किंचाळत होती. मी चपलांच्या कपाटाला पाठ लावून उभा होतो. तो बाप्या गडी, मनात आणलं असतं तर आईला उचलून फेकू शकला असता. त्याने हातसुद्धा वर केला नाही. खाली बसला आणि बोलायला लागला.

सुधाकर त्याला म्हणाला होता, बापाला गोडीत शेडवर आण, नुसतं बोलायचंय, कागदाची भानगड मिटवू. भिवंडीच्या रस्त्यावर त्याने बापाला गाठलं, समजूत काढली आणि डंपरमध्ये बसवून शेडवर नेलं. तिथे रामू ऐकेना. कागद रद्द करणार म्हणाला. मग त्यांनी पाइप काढले.

"मी मारला नाय, आय," अल्पेश म्हणाला. "हातपन लावला नाय. मी भायेर डंपरमदी होतो."

"त्यानं तुला हाक मारली का नाय?"

तो भिंतीवरून ओघळलेलं दही तळहाताने पुसायला लागला.

"मारली का नाय?"

"मारली. अलप्या, अलप्या करत होता. मी इंजिन चालू केलं. आवाज ऐकू येऊ नये म्हनून."

भागूबाईंचा उगारलेला हात तसाच राहिला. त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि विचारलं, "मंग पान कशाला घातलंस? कुत्र्या, पान कशाला घातलंस त्याला?"

"तेरसीला घातलं असतं तर उपाशी ऱ्हायला असता," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

त्या बऱ्याच वेळाने उठल्या. "चल. कोर्टात जाऊन बोल."

"मना मारून टाकतील ते."

"ते मारतील. मी बी मारनार हाय. कोनाच्या हातचा मार खायाचा ते तू ठरव."

तो आईबरोबर निघाला. त्या रात्री त्यांनी त्याला आपल्या घरात ठेवला. आमच्या इमारतीतल्या एका वकिलाने सकाळी दहाला न्यायाधीशांसमोर जबाब नोंदवायची व्यवस्था केली होती, आणि मी रिक्षा घेऊन न्यायला येणार होतो. मी पोचलो तर पाड्याच्या तोंडाशी सुधाकरची जीप उभी. रिक्षावाल्याने रिक्षा तिथेच सोडली आणि पळ काढला. माझे पाय मात्र रिक्षात चिकटले.

सातआठ जण होते. हातात तलवारी, पाइप, एकाकडे रॉकेलचा डबा. भागूबाई कोयता घेऊन दारात उभ्या, एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला. पाडा नेहमीप्रमाणे दारात उभा राहून बघत होता. पहिला माणूस अंगावर आला त्याचा खांदा त्यांनी उतरवला. दुसऱ्याचा पाइप त्यांच्या पाठीत बसला, त्या गुडघ्यावर आल्या. रॉकेल कुडावर पडलं. आणि मग ती बाई ओरडली. वाचवा म्हणाली नाही, देवाचं नाव घेतलं नाही.

"खांड गेली! खांड गेली रे!"

पिढ्यान् पिढ्यांची सवय. विचार करायला कुणाला सवडच मिळाली नाही. घराघरातून बाप्ये, बाया, म्हातारे फावडी आणि कोयते घेऊन धावत सुटले. बांधाकडे जायची वाट भागूबाईंच्या अंगणातून होती. अंगणात येऊन पोचल्यावर त्यांना दिसलं की बांध शाबूत आहे. पण हातात हत्यार होतं आणि पाय अंगणात होते, आणि समोर ती माणसं होती ज्यांनी त्यांच्या प्रत्येकाच्या बांधाला कधी ना कधी खांड पाडली होती. पुढे जे झालं त्याला मी मारामारी म्हणणार नाही. भात झोडतात तसं झोडलं. एकाचा पंजा मनगटापासून लोंबकळताना मी पाहिला. एक जण खाडीकडे पळाला, त्याला चिखलात कंबरेपर्यंत रुतलेला असताना फावड्याने मारला. जीप त्यांच्याच रॉकेलने पेटली. जे दात विचकून हसत आले होते त्यांना खाटेवर घालून न्यावं लागलं. मला आनंद झाला, तो लपवण्यात काय अर्थ आहे?

पंचावन्न पावलं चाललो असेन की पाचशे, कोण जाणे. पण मी रिक्षातून उतरून गेलो आणि अल्पेशला धरून बाहेर आणला. साडेअकराला जबाब नोंदला गेला.

खटला तीन वर्षं चालला. सुधाकरला जन्मठेप झाली. अल्पेशनेच बापाला शेडवर नेला होता, त्यालाही शिक्षा झाली. स्वतःहून कबूल झाला म्हणून कमी, पण झाली. रामूच्या दाखल्यावरची तारीख बदलून गुरुवारची झाली, विक्री रद्द ठरली, खाजण भागूबाईंकडे परत आलं. तेवढी वर्षं कराची नोटीस मी मुदतीवर मुदत मागून लोंबकळत ठेवली. माझं शौर्य ते तेवढंच.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात शेवटचा जबाब भरायला त्या ऑफिसात आल्या. मोडलेला हात वाकडाच बसला होता. मी सगळं लिहून तयार ठेवलं होतं आणि एकेक ओळ वाचून दाखवत होतो. मयताचं नाव, मृत्यूची तारीख, जमीन विकली गेली नाही, कर शून्य. मग वारसांची यादी. तिच्यात एकच नाव होतं: भागूबाई, पत्नी.

"आन् पोर?"

मी मान वर न करता सांगितलं की खुनाला ज्याचा हात लागला त्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही. सगळी जमीन आता तुमची एकटीची. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

"पोराचं नाव का नाय?"

"मावशी, कायदाच तसा आहे. अशा वेळी कायदा असं धरून चालतो की तो मुलगा बापाच्या आधीच मेला."

पुढचं मला दिसलं नाही. गालावर असा हात बसला की चष्मा उडून खिडकीपाशी पडला आणि कान सुन्न झाला. भागूबाई टेबलावर वाकून उभ्या होत्या.

"माजा पोर मेला बोलतोस? जित्या पोराला मारतोस? त्यानं पाप केलान्, मीच त्याला मारला, मीच नेऊन जेलात घातला. तो ठान्याला खडी फोडतोय, तो मेला? दर म्हैन्याला मी त्याला सुकी मासळी नेऊन देते, ती काय भुताला देते?"

मी बोलायचा प्रयत्न केला की हे फक्त कागदावर आहे. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. इतक्या मारामाऱ्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हुंदके आवरेनात. मी चष्मा शोधून आणला, एक काच फुटली होती.

"नाव लिव त्याचं," त्या म्हणाल्या.

"साहेब खोडतील, मावशी."

"खोडू दे. जो खोडंल त्यानं माज्यासमोर येऊन खोडायचं."

मी एका काचेतून बघत वारसांच्या यादीत दुसरं नाव लिहिलं: अल्पेश, मुलगा. त्यांनी ते अक्षर न् अक्षर बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मग सही केली.